डोळ्यांची दिशा

११ नोव्हेंबर

आज नाशिकला बिऱ्हाड लागलं. आनंदवल्लीत दोन खोल्या, वर गच्ची. टेम्पोतून उतरवताना शेगडीचा एक पाय निघाला, त्याखाली विटेचा तुकडा सारून पहिला चहा केला. महेशनं भिंतीला हात लावत दोन्ही खोल्या फिरून पाहिल्या. दाराची उंची, खिडकीचे गज, मोरीचा उंबरा, सगळं बोटांनी लक्षात ठेवलं आणि खुर्चीत बसून म्हणाला की घर झकास आहे, रंग तेवढा कुठला ते सांग. पिस्ता, म्हटलं. त्यानं असं तोंड वाकडं केलं की आम्ही दोघं पोट धरून हसलो. असं हसून फार दिवस झाले होते.

नांदगावात मी चष्म्याचे नंबर काढायची. इथं गंगापूर रोडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नव्या उपचाराची चाचणी चालू आहे, त्यातल्या पेशंटांची तपासणी मी करायची. पण खरं सांगायचं तर मी नोकरीसाठी आलेली नाही, महेशसाठी आले. दोन वर्षांपूर्वी अंबडच्या कंपनीत टाकी धुताना कॉस्टिक सोड्याचं पाणी त्याच्या तोंडावर उडालं. तेव्हापासून दोन्ही डोळे सायीसारखे पांढरे. एकदा बुबुळ बदलून झालं, तेही टिकलं नाही. सगळीकडून एकच उत्तर आलं, आता काही होणार नाही. इथं पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, बघू या.

१६ नोव्हेंबर

डॉक्टर कोठावदे साठीचे आहेत, हळू बोलतात. मला पहिल्याच दिवशी समोर बसवून त्यांनी सगळं समजावलं. बुबुळाच्या कडेला, काळं आणि पांढरं मिळतं तिथं काही पेशी असतात. त्या बुबुळावरची काच सतत नवी करत राहतात. त्या जळाल्या की काच गढूळ होते, मग नवं बुबुळ बसवलं तरी तेही गढूळतं. सर मरणोत्तर दान केलेल्या एका डोळ्याच्या कडेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात, त्यांचा पातळ पापुद्रा करतात आणि तो पेशंटच्या उजव्या डोळ्यावर बसवतात. सगळ्यांना एकाच दात्याच्या पेशी. दाता कोण, हे नियमानं कुणालाच कळत नाही. दुसऱ्या मजल्याच्या टोकाला पेशी वाढवायची खोली आहे. तिथलं काचेचं उबदार कपाट सरांनी मला लांबूनच दाखवलं.

मग पेशंट भेटले. वणीचे कारभारी गांगुर्डे, द्राक्षबागायतदार. फवारणीसाठी चुना विरवताना दोन्ही डोळे भाजले होते. आता उजव्या डोळ्यानं भिंतीवरचा तक्ता खालच्या ओळीपर्यंत वाचतात. "लय भारी दिसतंय मॅडम, घडातला मणी न् मणी दिसतो." पेठकडच्या चिमणाबाईचे डोळे तापाच्या गोळीची रिअ‍ॅक्शन येऊन गेले होते. तिनं माझ्या हातातल्या बांगड्यांचे रंग सांगितले आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या.

जाताना सर म्हणाले, तुमच्या मिस्टरांना घेऊन या. मला रिक्षात रडू आवरेना.

२९ नोव्हेंबर

काल महेशचं ऑपरेशन झालं. पापुद्रा छान बसला, सर म्हणाले. डोळ्यावर पट्टी आहे. रात्रभर त्यानं माझा हात सोडला नाही.

९ डिसेंबर

त्यानं मला पाहिलं.

पट्टी काढल्यावर आधी नुसता उजेड, मग सरांचा पांढरा कोट, मग मी. बराच वेळ तो बघतच राहिला. "उज्जू, तुझे केस पिकलेत गं," एवढंच बोलला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. येताना मिसळ खाल्ली. तर्रीचा लाल रंग बघत बसला, खायचंच विसरला. घरी आल्यावर म्हणाला, पिस्ता रंग खरंच वाईट आहे.

देवा, याहून जास्त मला काही नको.

१३ डिसेंबर

एक छोटीशी गोष्ट लिहून ठेवते. आज तपासणीच्या यंत्रापुढं कारभारींना हनुवटी टेकवायला सांगितली, समोरच्या दिव्याकडं बघा म्हटलं. डावा डोळा समोर राहिला. उजवा हळूहळू नाकाकडं सरकला आणि कडेला जाऊन थांबला. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. नंतर चिमणाबाईचंही तसंच झालं. सरांना विचारलं. ते म्हणाले, बरेच दिवस न वापरलेला डोळा भरकटतो, तिरळेपणा येतो. पटण्यासारखं आहे.

१८ डिसेंबर

तपासणीच्या खोलीला रंग द्यायचा म्हणून यंत्र पॅसेजच्या पलीकडच्या खोलीत हलवलं. आज डोळे उलट बाजूला, कानाकडं सरकले. सगळ्यांचे. तिरळेपणा असता तर बाजू बदलली नसती.

दोन्ही खोल्यांतून ती दिशा धरून बोट फिरवून पाहिलं. ते पॅसेजच्या टोकाला जातं, पेशींच्या खोलीकडं.

२१ डिसेंबर

आज फेरतपासणीचा दिवस होता. पॅसेजमध्ये दोन बाकांवर समोरासमोर पेशंट बसलेले. गप्पा चालल्या होत्या, कांद्याचा भाव, कुणाच्या लेकीचं लग्न. तोंडं एकमेकांकडं, पण उजवे डोळे सगळ्यांचे एकाच भिंतीला लागलेले. कारभारी डुलक्या काढत होते. डावी पापणी मिटलेली. उजवा उघडा, ओला, त्याच दिशेला.

चिमणाबाईला बाजूला घेऊन विचारलं. ती घाबरलेली वाटली. म्हणाली, "डोळा माझा ऐकत नाय ताई. घरी असले तरी नाशिककडंच बघतो. मी झाकला, तर मान वळती."

घरी येताना मी महेशकडं बघायचं टाळलं.

२५ डिसेंबर

बघितलं.

जेवताना तो माझ्याशी बोलत होता. डावा पांढरा डोळा माझ्याकडं होता, उजवा खिडकीकडं. खिडकीतून गंगापूर रोड दिसतो, दवाखान्याची बाजू. काहीतरी निमित्त काढून त्याची खुर्ची फिरवली. होकायंत्रातल्या काट्यासारखा डोळा फिरला आणि पुन्हा तिकडंच थांबला. महेशला सांगितलं तेव्हा हसला. दिसतंय ना मला, मग कुठंही का बघेना, म्हणाला. भाजी वाढ.

मी भाजी वाढली.

३० डिसेंबर

सरांना सगळं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. खुर्चीत मागं टेकून, टेबलावरची काच पुसत ते बोलू लागले. त्यांनाही हे ठाऊक होतं, पहिल्या पेशंटपासून. डोळ्यात दोष सापडत नाही, पेशी निरोगी आहेत, काच स्वच्छ आहे. मग मला विचारलं, या माणसांची नजर परत काढून घ्यायची का? तुमच्या मिस्टरांपासून सुरुवात करू?

मी उठून बाहेर आले.

रात्री महेशजवळ विषय काढला, पापुद्रा काढून टाकू म्हणून. तो उठून उभा राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, असा आवाज त्याचा कधी ऐकला नव्हता. "मला परत आंधळा कर म्हणतेस?" मग माझ्या पायाशी बसला. तसं करू नको, उज्जू. काहीही कर, तेवढं नको.

३ जानेवारी

सकाळी जाग आली तर महेश अंथरुणात नव्हता. मोरीत नाही, गच्चीवर नाही.

दवाखान्यात सापडला. पेशींच्या खोलीच्या भिंतीला कपाळ लावून उभा होता. शेजारी कारभारी, वणीहून मोटारसायकलवर आलेले. पलीकडं चिमणाबाई, पायात चप्पल नाही, टाचा फुटलेल्या. आणखी चौघं-पाचजण ओळीनं. डाव्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. उजवे कोरडे. मी बघत होते तोवर एकही मिटला नाही.

महेशला हलवलं तेव्हा दचकून भानावर आला. मी इथं कसा, म्हणाला. चिमणाबाईनं माझा पदर धरला, "ताई, मला घरी नेऊन सोडा, बांधून ठेवा." तिला एसटीत बसवून दिलं. बांधणार कोण?

सर सगळ्यांचे डोळे तपासून म्हणाले, फार सुंदर टिकलेत.

५ जानेवारी

आज मी ते केलं.

सर मुंबईला गेलेत. दुपारी जेवणाच्या सुट्टीत पेशींच्या खोलीत गेले. कपाटात काचेच्या चपट्या बश्या, प्रत्येकीत गुलाबी पाणी आणि पाण्यात तो पापुद्रा. खरं तर तो नजरेला दिसायलाही नको, इतका पातळ. मला दिसला. सगळ्या बश्यांमध्ये तो माझ्याकडच्या काठाला येऊन चिकटला होता. मी डावीकडं सरकले. पापुद्रेही सरकले.

एकेक बशी बेसिनमध्ये उपडी करून वर ब्लीचिंग ओतलं. घाईत एक बशी काठावर आपटून फुटली, तिच्यातलं गुलाबी पाणी तोंडावर उडालं. उजव्या डोळ्यात गेलं. नळाखाली डोळा धरून कितीतरी वेळ धूत राहिले. लाली नाही, आग नाही.

संपलं. माझी नोकरी जाईल. जाऊ दे.

६ जानेवारी

महेशचा डोळा सरळ झाला! सकाळपासून दोन्ही डोळे माझ्याकडं. खिडकीकडं एकदाही नाही. मी गोड शिरा केला. किती दिवसांनी नवऱ्यानं मला नीट—

नंतर लक्षात आलं.

मी स्वयंपाकघरात गेले, तो बाहेर बसून होता. मध्ये भिंत. मी हळूच डोकावले. तो भिंतीकडं बघत होता, मी असेन तिथं. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेले, पुन्हा डोकावले. डोळा माझ्याबरोबर सरकला होता.

७ जानेवारी

सरांचा फोन आला. ओरडतील वाटलं होतं. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, तुमच्या अंगावर काही उडालं का? हो म्हटलं, डोळ्यात. मग म्हणाले, म्हणजे त्या पेशी आता तुमच्यात आहेत, घर सोडून लांब जा, मिस्टरांना न सांगता.

महेशला सोडून? त्याच्यासाठी तर मी—

गेले नाही.

८ जानेवारी

कारभारींच्या बायकोचा फोन. पहाटेच निघाले, काही सांगितलं नाही, तुमच्याकडं आलेत का? मग दुसऱ्या कुणाचा. मग पेठहून चिमणाबाईच्या सुनेचा, "सासू नाय सापडं."

उजवा डोळा झाकला की अंधार होत नाही. डांबरी रस्ता दिसतो. मोटारसायकलचं हँडल. हात माझे नाहीत.

महेशला सांगितलं. तो म्हणाला की त्याला भांडी दिसतात, आमची. मी घासत असलेली.

मी त्याला धरून बसले. आता काय करायचं, उज्जू? मला काय माहीत. मला काय माहीत.

८ जानेवारी, दुपार

डोळा ओढणीनं गच्च बांधलाय. तरी दिसतं. द्राक्षाच्या बागा मागं पळतात. एसटीची खिडकी. एकावर एक, सगळ्यांचं. आनंदवल्लीची कमान. आमची गल्ली, उन्हातली, कपडे वाळत घातलेले.

शेजाऱ्यांना हाका मारून पाहिल्या. कामाला गेलेत सगळे.

आमचा जिना. पुढच्या माणसाची पाठ, पायऱ्यांवर पाय. चपलांचा आवाज खरा आहे, कानांनीही ऐकतेय.

मी आतल्या खोलीत. कडी लावली. महेशलाही आत घेतलं. लोक म्हणतील मूर्ख. त्याला बाहेर कसं ठेवू?

लिहिताना डावा डोळा माझा राहतो, कागद दिसतो. म्हणून लिहितेय. थांबले की त्यांचंच—

दारावर थाप नाही. हाक नाही. नुसते उभे आहेत. उजव्या डोळ्यात आमचं दार, पलीकडून.

आता दुसरं काही. एक बाई. पाठमोरी. टेबलावर वाकलेली, वेणी सुटलेली, डोक्याला ओढणी.

मीच.

महेश, मी आहे. उज्ज्वला. मी मोठ्यानं म्हटलं.

तो रडतोय. म्हणतो, कळतंय मला, तू आहेस. पाय ऐकत नाहीत. पळ, उज्जू.

कुठं?

उजव्या डोळ्यातली पाठ गेली. आता कडी दिसते. त्याचा हात कडीवर. नको म्हणतोय तोंडानं— हात कडी काढतोय—

दार. चेहरे. चिमणाबाईच्या तोंडात पदर, ती हुंदके देते, आत येते—

पुन्हा माझी पाठ. सगळ्यांच्या डोळ्यांतून माझीच पाठ, लहान, मोठी, जवळ—

महेश म्हणतो, मीट डोळे, उज्जू, घट्ट मीट, म्हणजे तुला दिसणार नाही. मिटलेत रे. मिटले तरी दिस—