बारदान

अप्पा, तुमची लेक बारीक झाली आहे. तुम्ही असतात तर आधी मला ओळखलंच नसतंत आणि ओळखल्यावर विचारलं असतंत, "कुठल्या काट्यावर मोजलंस?" काटे-मापं तपासणाऱ्या नापतौल खात्यातल्या इन्स्पेक्टरच्या घरात कौतुकाची सुरुवातही तिथूनच व्हायची. मेहनतीने उतरवलंय मी. दोन वर्षं नानाखेड्याच्या मैदानाला फेऱ्या मारल्या, पोहे-जिलबी सोडली, लग्नाच्या पंगतीत काकडी चघळत लोकांची टिंगल ऐकून घेतली. जवळजवळ निम्मी झाले. कातडी मात्र होती तेवढीच राहिली. पोटाखाली तिची झोळी लोंबते, ती मी रोज सकाळी दुमडून वरून रुंद पट्टा बांधते. उन्हाळ्यात त्या घडीत पुरळ उठतं, पावडरचा लगदा होतो, वास येतो. फ्रीगंजच्या ऑफिसातल्या बायका म्हणतात, "क्या फिगर बना ली मैडम ने," आणि मी ओढणी सारखी करते.

इंदूरला एक डॉक्टर ही जादा कातडी कापून काढतात. त्यांनी मला आरशासमोर उभं केलं, कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या पेनाने रेघ ओढली आणि म्हणाले, "इतना सब निकल जाएगा." घरी आल्यावर ती रेघ पुसली जाऊ नये म्हणून मी पोटाला साबण लावला नाही. एवढी हौस मला लग्नातल्या मेंदीचीही नव्हती. त्यांची अट एकच. वजन काही महिने एका जागी टिकलं पाहिजे, वर नको, खाली नको. दर महिन्याला येऊन त्यांच्या काट्यावर उभं राहायचं, टिकलं तर ऑपरेशन. वर जाणार नाही याची मला खात्री होती. खाली जाण्याचा विचारच केला नव्हता.

पथ्य मी केव्हाच थांबवलंय. पोळीला तूप लावते, झोपताना दूध घेते. "चला, घरात परत बाफले होणार," म्हणून तुमचे जावई खूश आहेत. तुपात बुडवलेले बाफले होतात, मी पोटभर खाते आणि वजन उतरतंच आहे. बांगड्या हात धुताना आपोआप निसटतात. मी काट्याचे सेल बदलले, तो न्हाणीघरातून उचलून बैठकीतल्या सपाट फरशीवर ठेवला, शेवटी शेजारच्या वहिनींकडे जाऊन त्यांच्या काट्यावर उभी राहिले. तिथे उभी असतानाच मला तुम्ही आठवलात.

तुमच्या पँटी ढिल्या व्हायला लागल्या तेव्हा आपल्या घरी सगळे खूशच होते. आई शेजारीपाजारी सांगत सुटली की तिने तुमचं तूप तोडलं त्याचा हा गुण. मी मशीनवर बसून तुमच्या पँटी कमरेत घेतल्या. तुम्ही मात्र एका रविवारी मला घेऊन स्टेशनवर गेलात आणि त्या दिवे लुकलुकणाऱ्या मशीनवर चढून नाणं टाकलंत. तिकीट वाचून खिशात घातलंत. "याची स्प्रिंग गेली आहे," म्हणालात. तिथून आपण देवास गेटला, धान्याच्या दुकानात. शेठ गादीवरून उठतो, "आइए साहब, आज तो छुट्टी है ना?" तुम्ही सरळ पोती तोलायच्या मोठ्या काट्यावर चढता. तो काटा तुम्हीच तपासलेला, त्याला लावलेलं शिशाचं सील तुमच्या हातचं. तुम्ही आकडा बघता, उतरता, परत चढता. "हा पण चुकतोय," मला हळूच मराठीत सांगता, शेठला कळू नये म्हणून. अख्ख्या उज्जैनच्या दुकानदारांची लबाडी पकडणारा माणूस त्या दिवशी स्वतःच्याच सीलवर संशय घेत होता. मला हसू आलं होतं, अप्पा. डॉक्टरकडे जायला आपण दिवाळी उलटू दिली आणि तोवर पोटातल्या गाठीने आपलं काम केलं होतं.

नंतर मी तुम्हाला आंघोळ घालायचे. दंडाची कातडी एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने तिच्याखाली साबण लावावा लागायचा. तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, "माल गेला, बारदान उरलं." मंडीत धान्य तोलल्यावर रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतात, ते बारदान. आता आरशात मला तेच दंड दिसतात. कातडी वाईट दिसते म्हणून काढायची आहे, असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर ती तुमची वाटते म्हणून मला अंगावर नको आहे. भीती वाटते मला तिची.

हे म्हणतात, "दोन साल इतकं चाललीस, बॉडीला आदत पडली असेल. फालतू टेन्शन घेऊ नको." मला ते पटवून घ्यायचं होतं. पण माझ्या लग्नात सगळ्यांनी भांडी दिली आणि तुम्ही लोखंडी मापांचा संच दिलात, सरकारी शिक्क्याचा, रद्दीवाला फसवेल म्हणून. परवा त्यातलं पाच किलोचं माप मी आमच्या काट्यावर ठेवलं. काट्याने पाच दाखवले. उचलून परत ठेवलं, परत पाच. घरात कोणी नव्हतं, मी तिथेच फरशीवर बसून राहिले.

सातवीत शाळेतल्या वैद्यकीय तपासणीच्या आदल्या दिवशी मी तुमच्या काट्यावर भिंतीला हात टेकून उभी होते. तुम्ही दारातून बघितलंत. "भिंत सोड." मी म्हटलं, "अप्पा, थोडंसंच." तुम्ही आवाज चढवला नाहीत. "पारड्याखाली चिंच चिकटवणारे दुकानदारही मला थोडंसंच म्हणतात," एवढंच म्हणालात, आणि मी हात काढेपर्यंत उभे राहिलात. तेव्हा मला तुमचा फार राग आला होता.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, "वेट गिर तो नहीं रहा? गिर रहा हो तो पहले पूरी जाँच होगी, ऑपरेशन बाद में." मी म्हटलं, "नहीं सर." काट्यानेही तेच सांगितलं. नर्सने आकडा लिहून घेतला आणि डॉक्टर हसून म्हणाले, "वेरी गुड." उद्या शेवटचं वजन आहे, ते जुळलं की तारीख मिळेल. जाँच हा शब्द ऐकला की मला तुमचं न्हाणीघर दिसतं. तारीख ऐकली की वाटतं, सगळं कापून निघेल, आतलं काही असलं तर तेही त्याबरोबर जाईल. असं होत नाही, हे मला कळतं.

हे पत्र मी मापांच्या पेटीत तळाशी ठेवणार आहे, तुमच्याशी निगडित तेवढीच जागा या घरात आहे. मागच्या खेपेला पट्ट्याच्या आत, कातडीच्या घडीत, तुमचं एक किलोचं माप होतं. लोखंड आधी गार लागतं, मग अंगाइतकंच गरम होतं. उद्यासाठी मी दोन किलोचं काढून ठेवलंय.