दुंचोनं हुंगलेला स्वेटर

सरहद्दीची छावणी, बोहेमिया

प्रिय आईस मातुशचा नमस्कार.

मी मजेत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

उसवलेला स्वेटर तुझ्याकडे विणायला पाठवला, तो हुंगताच आपला म्हातारा कुत्रा दुंचो बाकाखाली दडला म्हणे. बाबा विचारतात, "पोरगं तिकडे पाळतंय तरी काय?" कुत्रेच गं आई. पहाऱ्यासाठी नवी जात घडवताहेत, त्यांची पणजी तेवढी लांडगी होती. माझी रीता दिवसभर धावूनही थकत नाही, पण भुंकत नाही. नाही भुंकली तर तिला ठेवणार नाहीत, म्हणून मीच तिच्यापुढे भुंकून दाखवतो.

लांडग्यांनी बाबांच्या मेंढ्या नेल्या, ते मी विसरलेलो नाही. त्यांना सांग, अल्सेशियन आहेत. अर्धं खरंच आहे ते. फक्त बाबांनी स्वतः तो स्वेटर हुंगला नाही ना, तेवढं आधी कळव.

तुझाच,
मातुश