सिनेमाच्या परवानगीसाठी सोलोला तीन खेपा

२ सप्टेंबर
सुटले बाई! ग्रंथालयातल्या सगळ्या चोरट्या डीव्हीडी आज कापून टाकल्या. विद्यापीठाचा हुकूमच आहे — लेखी परवानगी असेल तरच वर्गात सिनेमा दाखवायचा. कोऱ्या पांढऱ्या तबकड्या, कुठली कशाची कोण बघतो? डबी उघडायची, कात्री चालवायची. इतकी वर्षं धास्ती होती, कोणी तपासायला आलं तर!

३ सप्टेंबर
टोगारसर तणतणत आले. मेदानकडचा, बाताक जमातीचा माणूस, हळू बोलणं ठाऊकच नाही. "वुर्यानीबाई, अडुसष्ट सालचा तो बाटिक कामगारांचा सिनेमाही कापलात? माझं अख्खं सत्र त्याच्यावर उभं आहे हो!"
म्हटलं, रीतसर परवानगी आणते, हक्कदारांकडून चांगली प्रतही मिळेल. तुम्ही आधी मुदत उलटलेली पुस्तकं परत करा. हसले. दरवर्षी असंच हसतात. निगरगट्ट!

९ सप्टेंबर
हक्क दिवंगत दिग्दर्शकांच्या बायकोकडे आहेत. नवऱ्याने आयुष्यात तो एकच सिनेमा केला. सुलास्मी ईबू (आईच्या वयाच्या बाईला आम्ही ईबूच म्हणतो) आता पंचाहत्तरी ओलांडलेल्या, सोलोला एकट्या राहतात. सकाळच्या गाडीने गेले. चहा झाला, उकडलेली केळी झाली, माझ्या मुलींची चौकशी झाली. परवानगीचं काढलं की म्हणायच्या, "हो हो, बघू या ना." आम्हा जावा बेटावरच्यांत असं 'हो' आलं की ते 'नाही' समजून पाहुण्याने विषय सोडायचा. सोडला. येताना सहीऐवजी केळ्यांचा घड!
टोगारसर म्हणाले, "कागद पुढे करा अन् म्हणा, सही करा! त्यात काय?"
या माणसाला आमच्याकडे दुसऱ्यांदा कोणी चहाला बोलावणार नाही.

१६ सप्टेंबर
दुसरी खेप. पुन्हा 'हो'. पुन्हा केळी.

२३ सप्टेंबर
मिळाली सही! शेवटी निर्लज्ज होऊन कागद पुढे केला, मान खाली घातली. ईबूंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. इतकं हलकं वाटलं! मग म्हटलं, प्रत न्यायला कधी येऊ?
त्या बघतच राहिल्या. "अगं, प्रत तुमच्याकडे आहे ना? माझी रिळं कधीच सडली. एकदा बघितल्याशिवाय सही करवेना, पण पाहुणीला तोंडावर 'नाही' कसं म्हणायचं? आणि 'मला एकदा दाखव' असं मागायचीही लाज वाटायची."
सिनेमातली कापड धुणारी मुलगी त्याच आहेत म्हणे. एकोणीस वर्षांच्या होत्या. "मागून हाक येते ना, ती यांची. आता आवाज आठवत नाही गं. डोळे मिटायच्या आत एकदा ऐकव."
मी हो म्हटलं. आमच्यातलं 'हो'.

२४ सप्टेंबर
जकार्ताला, बांडुंगला, सगळीकडे फोन केले. प्रत कुठेच नाही. होती ती मी कापली. ड्रॉवर उघडवत नाही, आत कात्री आहे.

२५ सप्टेंबर
टोगारसरांना सगळं सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. लाल झाले आणि न बोलता घरी गेले. असे कधी जात नाहीत.

२६ सप्टेंबर
सकाळी माझ्या टेबलावर एक पांढरी तबकडी. सर दारातच उभे. "आधी ओरडायचं नाही, कबूल?"
चौदा वर्षांपूर्वी नेलेली! परत करताना डबीत भलतीच तबकडी घातली, नंतर कळलं, पण माझ्या तोंडाच्या भीतीने बोलले नाहीत; त्या दिवशी तणतणले तेही चोरी झाकायलाच. मी कापली ती त्यांच्या बहिणीच्या लग्नाची!
"सिनेमा घरी कशाला ठेवलात?"
"परत दिला असता तर कापला असतात ना?"
लावून पाहिली. मुलगी कापड धुतेय, मागून हाक येते, "लास्मी!" सरांसमोरच रडले. त्यांना म्हटलं, तुमच्यासारखा बेशिस्त माणूस प्रत्येक ग्रंथालयाला मिळो. सोलोला फोन केला. ईबू म्हणाल्या, "वर्गातच बघते. मुलांबरोबर."

३ ऑक्टोबर
ईबू पहिल्या बाकावर बसल्या होत्या. पडद्यावरून हाक आली तशा उठून उभ्या राहिल्या आणि भरल्या वर्गात म्हणाल्या, "हो, आलेच!"