आतून उत्तर नको

३ सप्टेंबर
आले एकदाची लेकाच्या घरी! मला अक्षर येत नाही, म्हणून मी बोलते नि सून बुरुल लिहिते. माझी थट्टा गाळलीस तर बघ, असं बजावलंय तिला. लेक तेमिरकुल वर कुरणात मेंढ्यांपाशी आहे, आठवड्यात उतरेल. त्याचा कुत्रा अक्तोश मला बघून असा कुंईकुंई करत नाचला, की बुरुल म्हणाली, आपा, एवढा आनंद तर तुमच्या लेकालाही कधी झाला नसेल. चहा, साय, तळलेल्या गरम पुऱ्या. पाय मात्र ठणकतात.

५ सप्टेंबर
शेजारणी आल्या. चाळीस वर्षं मी लोकांच्या मयतांवर शोक गायले, हे त्यांना कळलेलं. एकीनं विचारलं, म्हातारे, तू गेल्यावर कोण गाणार? तुझी सून? तिचा आवाज तर बोकडाचा! मग बसले सुनेला शिकवायला. मयत नसलेल्या घरात शोक गाऊ नये, हे मला ठाऊक का नव्हतं? पण थकल्या माणसाला कसले विधिनिषेध. अक्तोशनं बाहेरून सूर धरला. हसून हसून लोळलो.

६ सप्टेंबर
अक्तोश थांबेना. भर दुपारी रस्त्याकडे तोंड करून रडतोय, माझ्याच चालीत. श्वासही माझ्याच जागी घेतो. बुरुल म्हणाली, आपा, चेला तयार झाला. हसले, पण उगाच.

७ सप्टेंबर
मयताच्या घरी पुरुष दुरूनच हंबरडा फोडत घोड्यावर येतात. आतून बायका शोकानं उत्तर देतात, तेव्हाच ते पायउतार होतात. आज सकाळी तो हंबरडा आला. रस्ता रिकामा. ‘आई गं’ म्हणाले असते तर चाललं असतं, माझं झालंच आहे. पण ते ‘भावा रे’ म्हणत होते. या घरात पुरुष एकच.

८ सप्टेंबर
कुंपणापाशी आलेत. दिसत कुणीच नाही. उत्तर मिळालं नाही तर उतरता येणार नाही त्यांना — तेवढंच आपल्या हाती. आता बुरुललाही ऐकू येतंय. तिच्या तोंडात रुमाल कोंबलाय.

९ सप्टेंबर
निरोप आला, तेमिरकुल निघालाय. खिंडीत असेल आता. अक्तोश गप्प. ते दाराशी — बुरुल, लिहीत राहा. हात चालेल तोवर तोंड बंद राहील. मलाही भरून येतंय, गिळतेय. तूही गिळ. रुमाल काढू नकोस, बाई माझी — अगं, त्याचं नाव घेऊ न