हातोड्याचा दांडा

११ फेब्रुवारी, बुधवार
गावात गोष्ट उलटी फिरते आहे, म्हणून लिहून ठेवते. आज किराणा दुकानात माझ्यादेखत एकीने दुसरीला सांगितलं, "मास्तरीणबाईनं ढिल्ला हातोडा चालवला अन् विमलचं तोंड फोडलं." मी साखर घेतली आणि घरी आले.

झालं ते असं. रविवारी सकाळी मागच्या अंगणात भट्टी पेटवली. भट्टी म्हणजे ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, खाली पाइप, पाइपला पंखा. ऐरण म्हणजे रुळाचा तुकडा. शाळेतून निवृत्त झाल्यावर मांडलेला माझा खेळ. हसणारे हसले. समोरच्या घरची विमल, अंगणवाडीतली, हसता हसता सांडशी धरायला लागली. त्यालाही दोन हिवाळे झाले.

नियम माझे. नायलॉनची साडी नाही. पदर खोचलेला. चष्मा दोघींना. वाळूची बादली हाताशी. आणि सुरू करण्याआधी हातोड्याचं डोकं ओढून पाहायचं. पाहिलं. घट्ट होतं. तासाभराने, दुसरं खुरपं ठोकताना, डोकं दांड्यातून निसटलं, ऐरणीवर आपटून उसळलं, विमलच्या तोंडावर. दोन दात गेले. गाल शिवला. चष्म्याची काच तडकली, डोळा वाचला.

घट्ट होतं. हे पुन्हा लिहिते.

१३ फेब्रु., शुक्र.
न्हाणीतली बादली घासत होते. तळाला गंजाचा चौकोनी ठसा. हातोड्याचं डोकं आणून त्यावर ठेवलं. बरोब्बर बसलं.

आमच्या ह्यांना विचारलं. पेपर खाली न घेता म्हणाले, "रातभर पाण्यात ठेवला होता. लाकूड फुगलं का घट्ट होते. आमच्या बाबानं जिंदगीभर कुऱ्हाड अशीच वापरली."

शनिवारी मी यांना सांगितलं होतं, डोकं हलतंय, सुताराकडून लोखंडी पाचर ठोकून आणा. संध्याकाळी म्हणाले, "झालं काम." सुतार गावाच्या दुसऱ्या टोकाला. उन्हाचं कोण जाते, असं आज म्हणतात.

फुगलेलं लाकूड सुकतं आणि आधीपेक्षा जास्त आकसतं. कुऱ्हाड कोणी भट्टीच्या धगीला तासभर धरत नाही. हातोडा धरतात. आणि सकाळी ओढून पाहणाऱ्या बाईला तो घट्टच लागतो.

१७ फेब्रु., मंगळ.
विमलकडे गेलो. हे सोबत, केळी घेऊन. तिचा थोरला, प्रशांत, दारातच उभा. बसा म्हणाला नाही.
"मॅडम, शौक तुमचा हाय. थोबाड माह्या मायचं हाय."
मी यांच्याकडे पाहिलं. हे केळ्यांची पिशवी सारखी करत राहिले. पिशवी आधीच नीट होती.
विमल खाटेवरून म्हणाली, "शिट्टी मस्त वाजते आता, मॅडम. आयका." वाजवली. टाके ताणले, डोळ्यात पाणी आलं. तरी हसली. मला हसता आलं नाही.

परतल्यावर विचारलं, का बोलला नाहीत? "घरातली गोष्ट घरात." घरातली! गाल बाहेरचा फुटला.

१९ फेब्रु.
मी सांगितलं तर नवऱ्यावर ढकलते म्हणतील. यांनी सांगितलं तरच ते खरं. एवढं साधं आहे, आणि एवढंच होत नाही.
आज ओट्यावर चार जणांत यांचा आवाज. "मी तं सांगतच होतो, बायकाचं काम नोहे हे." आतून ऐकलं. वरणाला फोडणी देत होते. दिली.

२१ फेब्रु., शनि.
फाटकाशी भंगारवाला. यांनी बोलावलेला. "ब्याद जाऊ दे घरातून." मी परत पाठवला. जाताना रुळाकडे वळून वळून पाहत गेला.
बातमी पोचलीच. दुपारी विमलचा फोन. "भंगारात काऊन देता? माह्या अंगणात टाका. मी करीन एकटी." मग, "तुम्ही नका येऊ सध्या. पोरगं आयकत नाही. मलेबी वाटते, मॅडम, एकडाव पाह्याले पाह्यजे होतं तुम्ही."
पाहिलं होतं. म्हटलं नाही.
शिकवलेलं तिला आलं, याचा आनंद व्हायला हवा.

२४ फेब्रु., मंगळ.
सकाळी स्वतः सुताराकडे गेले. बाभळीचा नवा दांडा, लोखंडी पाचर. चहा होईपर्यंत काम झालं. येताना ऊन होतं. काही झालं नाही मला.

प्रशांत हातगाडी घेऊन आला. माझ्याकडे न पाहता माल भरला. त्याच्या ताब्यात दिलं ते: रुळाचा तुकडा. ड्रम, पाइप व पंखा. सांडशा. चामडी हातमोजे. वाळूची बादली, वाळूसकट. हातोडा, नव्या दांड्याचा. त्याच्यासमोर ओढून दाखवला. माझा चष्मा चांगला होता, तो पुढे केला. "तो नको. माय म्हणते तडकेलच पाह्यजे." तडकलेला दिला. चांगलाही दिला. दुसरं कोणी सांडशी धरेल तर लागेल.

"पाण्यात ठेवू नका म्हणावं कधी," एवढं बोलले. त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "पाण्यात काऊन ठीवीन कोणी?" मी घराकडे पाहिलं. हे खिडकीत होते.

गाडी गेली. जुना दांडा मी ठेवून घेतला होता. डोक्याकडचा भाग पाण्याने काळा पडलेला. तो यांच्या हातात दिला.
"हा तुम्ही न्या. काय झालं ते सांगून द्या."
"आताच?"
"आताच."
चपला शोधायला वेळ लावला. दारातच होत्या. घातल्या. विमलचं घर रस्ता ओलांडला की.
आमचं फाटक उघडल्याचा आवाज आला. लावल्याचा अजून आलेला नाही.