पळस्प्याला जाणारा कोड

४ मे, रविवार. सकाळी.
कॉम्प्युटरची साफसफाई केली. ब्राउझरमधला जुना कचरा सगळा उडवला. सुनंदा म्हणाली, चालतंय त्याला कशाला हात लावता? तिला मेंटेनन्स कळत नाही.

दुपारी.
ईमेल पासवर्ड मागतोय. किरकोळ बाब. मीच ठेवलाय, कोणाच्या बापाला फोडता येणार नाही असा.

संध्याकाळी.
फुटत नाहीये.

५ मे, सोमवार.
सोळा तारखेला मुंबईत आम्हा दोघांची व्हिसाची अपॉइंटमेंट. जूनमध्ये मनस्वीचं बाळंतपण, डब्लिनला. लेकीचं पहिलंच. सुनंदाची अपॉइंटमेंटची चिठ्ठी तिच्या मोबाइलवर आली. माझी मी मुद्दाम घरच्या कॉम्प्युटरवर मागवली. महत्त्वाची कामं मोठ्या स्क्रीनवर करावीत, असं माझं मत आहे. चिठ्ठी आत आहे, मी बाहेर. पण वेळ भरपूर आहे.

६ मे, मंगळवार.
‘पासवर्ड विसरलात?’ यावर क्लिक केलं. विसरलो नाही, तरी केलं. मोबाइलवर कोड पाठवलाय म्हणे. आला नाही. आमच्या सुकापूरचं नेटवर्क. गच्चीत जाऊन हात वर करून उभा राहिलो. खालच्यांना वाटलं, टाकी बघतोय. पाणी कधी येणार म्हणून चौघांनी विचारलं.

८ मे, गुरुवार.
उलगडा झाला. कोड माझ्या जुन्या नंबरावर जातोय. अंकांची बेरीज शुभ नऊ येणारा नवा नंबर घेतला तेव्हा जुनं सिम दाजींना देऊन टाकलं होतं. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे, भामाताईचे यजमान, पळस्पे फाट्यावर हार्डवेअरचं दुकान. त्यांना फोन करणार नाही. फेब्रुवारीत अंकिताच्या, त्यांच्या मुलीच्या, हळदीला टॉवेल-टोपीचा पहिला मान कोणाचा? मामाचा, म्हणजे माझा. दिला कोणाला? सिमेंटवाल्या पार्टनरला. मला नंतर, आणि टॉवेल हातरुमालाएवढा. त्याच रात्री दाजींना मोबाइलवर ब्लॉक केलं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

सुनंदा म्हणाली, मी करते फोन. तिला माझी शपथ घातली.

११ मे, रविवार.
रोज पाच-सहा वेळा कोड मागवतोय. मीच आहे हे सिस्टीमला कधीतरी कळेलच. नवा कीबोर्ड आणला. राउटरचं तोंड खिडकीकडे केलं. झोप लागत नाही, चहा जास्त होतोय.

१३ मे, मंगळवार.
मनस्वीचा फोन. बाबा, प्रिंट काढली ना? म्हणालो, काढल्यातच जमा. फोन ठेवल्यावर घरात उगाच फेऱ्या मारल्या. सुनंदाने तिची कागदपत्रं फाइलला लावली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

१४ मे, बुधवार.
पळस्प्याला गेलो. माघार नव्हे, पाहणी. दाजींनी खुर्ची पुढे केली, थंडा मागवला. कोडचं काढलं तर म्हणाले, कोड आला का मी लगेच तुला पाठवतंय, तू बघतच नाय. मोबाइल हातात घेतला. ब्लॉक काढला. दाजींनी दुकानातूनच पुन्हा सगळं पाठवलं. सगळे कोड, आणि मध्येमध्ये ‘जेवलास का?’ मान खाली घालून वाचत बसलो.

रिक्षा करून घरी. नवा कोड मागवला. उत्तर आलं: फार वेळा प्रयत्न झाले, पाच दिवसांनी या.

१६ मे, शुक्रवार.
सुनंदा एकटीच गेली. मी म्हणालो, चिठ्ठीशिवाय आत घेणार नाहीत, नियम मला माहीत आहेत. तिने जाताना पोळ्या करून ठेवल्या.

१९ मे, सोमवार.
मेल उघडला. दाजींनी कोड फोनवर दोनदा वाचून दाखवला. चिठ्ठी सापडली. शेवटी लिहिलंय: छापील प्रत नसल्यास पासपोर्ट पुरेसा. सुनंदाला सांगितलेलं नाही. पुढची तारीख थेट ऑगस्टची. यापुढे गाफील राहायचं नाही. नवा पासवर्ड आधीपेक्षा कठीण ठेवलाय.

२२ जून, रविवार.
नात झाली. सुनंदा तिकडे, बाळ तिच्या मांडीवर. बाबांना मोठ्या स्क्रीनवर आवडतं म्हणून मनस्वीने फोटो मला मुद्दाम ईमेलवर पाठवला. पासवर्ड चुकतोय. दाजींना फोन केला. ते दुकान बंद करून भामाताईने दिलेला डबा घेऊन स्वतःच आले. फोटो त्यांच्या मोबाइलवर दुपारीच आला होता. त्या एवढ्याशा स्क्रीनवर बघितला. नाक माझ्यावर गेलंय. दाजी म्हणाले, भामावर. मी वाद घातला नाही. फोटो पुन्हा बघायला त्यांचा मोबाइल मागितला.