अंड्यावरचा आळ

४ फेब्रुवारी

पुन्हा उठलं पित्त! या वेळी वरचा ओठ. असा टम्म, की वाटावं कुणी गुद्दा मारलाय. आणि नोकरी कुठे — तर चष्म्याच्या दुकानात! चारी बाजूंना आरसे. एक बाई नवा चष्मा लावून म्हणाल्या, "नंबर चुकला हो, तुमचं तोंड मोठं दिसतंय." हसले. काय करणार!

घरी आईचं एकच — "काल अंडं खाल्लंस ना?" दूध, मासे, टोमॅटो, शेंगदाणे कधीच बंद झालेत. आता अंड्यावर आळ. सोडलं तेही.

११ फेब्रुवारी

अंडं बंद, तरी पाठभर गांधी. खाजवून खाजवून जीव नकोसा झाला.

२० फेब्रुवारी

भात आणि उकडलेला बटाटा. बटाटा आणि भात. दुकानात भिंगं घासणारे काका माझ्या डब्यात डोकावून म्हणाले, "पोरी, हे जेवण आहे की शिक्षा?" तिथेच रडू फुटलं.

अंगात त्राण नाही. परवा एकाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजताना चुकले, आज चष्मा परत आला. मालक ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "झेपत नसेल तर सांगा." ओरडले असते तर बरं!

२३ फेब्रुवारी

आई मावशीकडे गेली. "जरा हवापालट." बाबा गेल्यावर माझ्याकडे राहायला आली, त्यानंतर पहिल्यांदाच अशी उठून गेली. सोडायला खाली गेले, तर पिशवीसुद्धा हातात देईना. माझ्या पथ्यांना कंटाळली असणार. कोण नाही कंटाळणार?

घर खायला उठतं म्हणतात. बरंय — कुणीतरी खातंय या घरात!

२ मार्च

काकांनी खनपटीलाच बसून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. मी पथ्यांचा पाढा सुरू केला. त्यांनी मध्येच थांबवलं.

"दूध सोडल्यावर पित्त थांबलं?"

"नाही."

"मासे? अंडं?"

"नाही."

"मग त्या बिचाऱ्यांना अजून तुरुंगात का ठेवलंय?"

म्हणाल्या, एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असली, तर तो खाल्ला की बहुधा लगेच उठतं, आणि दर वेळी उठतं. तुमचं तसं नाही. महिनोन्‌महिने चालणारं पित्त बहुतेकदा खाण्यामुळे नसतंच. शरीराचंच आतलं काहीतरी बिनसलेलं असतं. कारण सापडेलच असं नाही, पण आज ना उद्या जातं. गोळी रोज घ्यायची, उठो न उठो. जीभ सुजली किंवा श्वास अडकला, तर मात्र सरळ दवाखाना गाठायचा.

"आणि जेवा हो!" दारापर्यंत येऊन म्हणाल्या.

बाहेर पायरीवर बसून राहिले. इतकं हलकं वाटलं!

३ मार्च

अंडं खाल्लं! मीठ-मिरपूड घालून. मग हाताकडे बघत बसले, चोर पकडायला बसल्यासारखी. काही नाही. मग दुसरंही खाल्लं.

९ मार्च

दूध, टोमॅटो, मासे — सगळे सुटून आले. मध्ये एकदा मानेवर दोन गांधी उठल्या. दुपारपर्यंत आपोआप विरल्या. त्या दिवशी नवं काही खाल्लंही नव्हतं. काका म्हणाले, "चेहऱ्यावर रंग आला गं."

आईला एवढ्यात सांगत नाही. आणखी थोडं नीट जाऊ दे. उगाच तिला आशा लावायला नको.

१६ मार्च

आईला फोन केला. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं.

ती अगदी हळू म्हणाली — "म्हणजे माझ्या हातचं खाऊन नव्हतं ना गं उठत? मी राहायला आले आणि तुला सुरू झालं... म्हटलं, आपणच लांब राहावं."

निघालेय. तिला घेऊनच येते.